गेटवर आंबे-रातांबे विकायला सुरुवात केली, त्याची गोष्ट

१६ मे २०२१ ला तौक्ते वादळ आमच्यावरून गेलं तेव्हा आंबा झाडावरच होता. रात्रभर झोप नाही, आणि सकाळी मागचं दार उघडलं तर १४ कलमांखाली नुसता हिरवा सडा. लॉकडाऊन चालू, रस्त्याला चिटपाखरू नाही. शेवटी कॅनिंगचा टेम्पो आला आणि ६२० किलो आंबा १२ रुपये किलोने घेऊन गेला, म्हणजे ७,४४० रुपये. त्यात आंबे वेचायची मजुरी आमचीच. त्या दिवशी ठरवलं की निदान पुढच्या वर्षी आपल्या आंब्याचा भाव आपण सांगायचा.

आम्ही जून २०२० मध्ये डोंबिवली सोडून रत्नागिरी जिल्ह्यातल्या सासरच्या गावी राहायला आलो. निवळी फाट्यावरून गणपतीपुळ्याला जो रस्ता जातो तो आमच्या गडग्याला (दगडी कुंपणाला) लागूनच जातो, म्हणजे एरवी देवदर्शनाच्या गाड्या दिवसभर चालू. जमीन घराभोवतीची ३८ गुंठे. १४ हापूसची कलमं, तीन फणस, वीसेक काजू आणि ११ रातांबे, म्हणजे कोकमाची झाडं, त्यातले ५ नर. (रातांब्याचं झाड नर की मादी ते फुलल्याशिवाय कळत नाही, आजेसासऱ्यांनी रोपं लावली होती त्यामुळे जे निघालं ते निघालं.) एवढ्यावर धंदा होतो का असं खूप जण फोन करून विचारतात, आणि त्याहून जास्त जण विचारतात की लायसन कुठून काढायचं, म्हणून सगळं तारखांसकट एकदाच लिहून टाकते.

पावसाळाभर मी नुसती माहिती काढत होते. पहिली गोष्ट जी मला आधी कोणीच सांगितली नव्हती ती ही, की आपल्या जमिनीत पिकलेलं फळ आपल्या दारात विकायला अन्नसुरक्षेचं लायसन लागतच नाही. फळं-भाजीपाला २०१६ मध्येच बाजार समितीच्या नियमनातून बाहेर काढलाय, त्यामुळे तिकडचाही प्रश्न नाही. आपलंच पीक विकणाऱ्या शेतकऱ्याला जीएसटी नोंदणीही नाही. म्हणजे आंबे, फणस, ओले काजूगर, करवंदं हे सगळं उद्यापासून विकता येतं. पण आगळ (रातांब्याचा खारवलेला रस), सरबत, आमसुलं केली की तो प्रक्रिया केलेला माल झाला, त्याला अन्नसुरक्षेची नोंदणी पाहिजे. आमच्या वेळेला वर्षाला १२ लाखांच्या आत विक्री असेल तर लायसन नाही, साधी नोंदणी, फी वर्षाला १०० रुपये. हा फरक आधी नीट समजून घ्या, कारण मी चार महिने उगाच घाबरून काढले.

जानेवारी २०२२ मध्ये अर्ज करायला बसले आणि पहिल्याच पायरीला फसले. मोबाईलवर शोधलं, वरती जी साईट आली ती अगदी सरकारी दिसत होती, तिरंग्याचे रंग, अशोकस्तंभासारखं चित्र, सगळी माहिती भरली आणि १,९९९ रुपये भरले. मग फोन यायला लागले की अजून दोन हजार भरा. ते कुठल्यातरी खाजगी एजंटचं पान होतं. पैसे गेलेच. त्या रात्री मला जेवण गेलं नाही, कारण एक रुपया यायच्या आधी दोन हजार घालवून बसले होते. तर बघा, खऱ्या साईटच्या पत्त्यात शेवटी जीओव्ही डॉट इन असतं, तेवढं बघितल्याशिवाय आधार नंबर कुठे टाकू नका. उद्यम नोंदणी तर पूर्ण फुकट आहे, आधारवर दहा-पंधरा मिनिटांत होते, तिचेही पैसे घेणारे बसलेत. बँकेने चालू खात्यासाठी दुकान नोंदणी मागितली, ती 'आपले सरकार' या सरकारी साईटवर केली, तेव्हा १० पेक्षा कमी माणसं कामाला असतील तर नुसती सूचना द्यायची होती, त्याचे २३ रुपये ६० पैसे लागले, पावती लगेच मिळाली.

खरी अडचण निघाली पत्त्याच्या पुराव्यात. घराचा उतारा आजेसासऱ्यांच्या नावावर, लाईट बिल त्यांच्याच नावावर, आणि ते जाऊन २२ वर्षं झाली. सातबारा सामाईक, त्यावर नऊ नावं, त्यातले पाच जण मुंबई-ठाण्याला, एक आतेसासूबाई बडोद्याला. कोकणातल्या बहुतेक घरांची हीच कथा आहे. ग्रामपंचायतीत ना हरकत दाखला मागायला गेले तर ग्रामसेवक म्हणाले, वहिनी, शेड तुम्ही घालणार, धंदा तुम्ही करणार, पण उद्या कोणी हरकत घेतली तर? सहहिस्सेदारांची संमती आणा. मला तेव्हा राग आला होता पण त्यांचं चुकीचं नव्हतं. कोणी म्हणालं तहसीलदाराकडे कलम ८५ खाली वाटपच करून घ्या. पण त्यात वर्षं जातात आणि एकदा वाटपाचा विषय काढला की घरात बोलणं बंद होतं, ते मला नको होतं.

सगळे एकत्र येतात ते दोनदाच, गणपतीला आणि शिमग्याला. २०२१ चे गणपती सप्टेंबरमध्येच होऊन गेलेले. म्हणजे शिमगा, मार्चच्या मध्यावर. आंब्याचा सीझन त्याच्या पाठोपाठच सुरू. जीव टांगणीला लागला होता.

पालखी आमच्या घरी आली त्या दिवशी बडोद्याच्या आतेसासूबाई सोडून सगळे होते. ओटी भरून झाली, पालखी पुढच्या वाडीत गेली, आणि संध्याकाळी पडवीत मी कागद काढला. १०० च्या स्टॅम्पवर संमतीपत्र टाईप करून आणलं होतं, वकिलाकडून वाचून घेतलेलं. बाकीच्यांनी सह्या केल्या. मोठे काका थांबले. चष्मा काढला, पुसला, परत घातला, दोनदा वाचला कागद. मग म्हणाले, "आज तू पत्रे घालशील, उद्या पक्कं दुकान बांधशील, आणि माझ्या पोरांना त्या जागेत पाय ठेवायला मिळणार नाही." मला रडूच आलं, पण ह्यांनी हाताने खूण केली गप्प बस म्हणून. काकांनी स्वतःच्या पेनाने खाली दोन ओळी लिहिल्या, की शेड तात्पुरती आहे आणि यामुळे कोणाचा हिस्सा कमी-जास्त होणार नाही, आणि मग सही केली. त्या दोन ओळी मूळ कागदात मीच लिहून न्यायला हव्या होत्या. त्या माणसाची भीती खरी होती आणि माझ्या डोक्यात फक्त माझा सीझन होता. बडोद्याच्या आतेसासूबाईंनी कुरिअरने पाठवला वेगळा कागद. तीन स्टॅम्प आणि नोटरी मिळून ९०० रुपये गेले.

२१ मार्चला दाखला हातात आला, त्याच रात्री अन्नसुरक्षेचा अर्ज भरला, ५ वर्षांची नोंदणी, ५०० रुपये. आठवड्याने शेरा आला की अपलोड केलेला उतारा वाचता येत नाही. उत्तर द्यायला मुदत ३० दिवसांची असते, पण त्यासाठी रोज लॉगिन करून बघत राहावं लागतं, माझा मेसेज आलाच नव्हता, मीच बघितलं म्हणून कळलं. मोबाईलने फोटो काढून टाकला होता तो पुसट होता, मग रत्नागिरीत जाऊन नीट स्कॅन करून आणला. ११ एप्रिलला सर्टिफिकेट आलं. २ ने सुरू होणारा १४ आकडी नंबर. मी तो नंबर वहीत लिहिला, भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहिला, आणि आईंना (सासूबाई) वाचून दाखवला.

मधल्या काळात विहिरीचं पाणी तपासून घेतलं. आम्हाला कोणी मागितलं नव्हतं, पण सरबत लोकांच्या पोटात जाणार. जिल्ह्याच्या आरोग्य प्रयोगशाळेतून त्यांचीच निर्जंतुक बाटली आणायची आणि भरून त्याच दिवशी पोचवायची. रिपोर्ट आला, पिण्यास अयोग्य. तेच पाणी आम्ही दोन वर्षं पीत होतो, पोरं पीत होती. ग्रामपंचायतीतून टीसीएल (ब्लीचिंग) पावडर आणली, विहिरीचा काठ बांधून घेतला कारण वरचं पाणी आत झिरपत होतं, पंधरा दिवसांनी परत नमुना दिला तेव्हा योग्य आला. तरी सरबताला पाणी उकळून गार केलेलंच वापरतो. धंदा करा न करा, विहीर असेल तर हे एकदा करून घ्याच.

विक्रीला सुरुवात २ एप्रिलला, पाडव्याच्या दिवशी केली, कारण फळाला नोंदणीची वाट बघायची गरज नव्हती. ओले काजूगर, कैऱ्या. टेबल गेटच्या आत, आमच्या हद्दीत ठेवलं. रस्त्याकडेची जागा बांधकाम खात्याची असते, तिथे टेबल टाकलं तर कधीही उचलायला सांगतील आणि ते बरोबरच आहे, शिवाय वळणावर गाड्या थांबल्या तर अपघात. गाडी आत वळवता येईल एवढा गडगा मोकळा करून घेतला. दोन दिवसांनी लक्षात आलं की तिथे नेटवर्कच धड येत नाही, गिऱ्हाईक क्यूआर स्कॅन करून पाच-पाच मिनिटं मोबाईल वर धरून उभं. फिरून फिरून बघितलं तर फणसाखाली दोन काड्या येत होत्या, मग टेबल आठ फूट उचलून फणसाखाली नेलं. सावलीही मिळाली. फक्त मे महिन्यात वर बघून बसावं लागतं.

काटा घेताना वैधमापनाचा शिक्का मारलेलाच घ्या, आम्हाला ४,२०० ला पडला, इलेक्ट्रॉनिक काट्याची दरवर्षी फेरतपासणी असते. आंबा डझनावर जातो, पण फणसाचे गरे आणि आमसुलं वजनावर.

पहिलं मोठं गिऱ्हाईक म्हणजे कोल्हापूरची गाडी, १६ एप्रिल, घरातली सात माणसं. ऊन मरणाचं. आईंनी सगळ्यांना बसायला खुर्च्या दिल्या, माठातलं गार पाणी दिलं, कोकमाचं सरबत दिलं, कुठले, कोण, सगळी चौकशी झाली. त्यांनी पाच बाटल्या मागितल्या, मी हिशेब सांगितला, आणि आई उठून आत निघून गेल्या. रात्री जेवताना म्हणाल्या, "दारात आलेल्याला सरबत द्यायचं आणि वर पैसे मागायचे, हे आपल्या घरात कधी झालं नाही गो." मी काहीच बोलले नाही, कारण मलाही पैसे हातात घेताना तसंच वाटलं होतं. बाजारात बसून विकणं वेगळं, ते गिऱ्हाईक असतं. आपल्या अंगणात आपल्या खुर्चीवर बसलेला माणूस पाहुणा असतो. इतके महिने कागद-कागद करत होते, त्यात हे कुठेच नव्हतं, आणि खरं सांगते, नोंदणीपेक्षा हेच जास्त जड गेलं.

चार दिवस दोघी विचार करत होतो. मग आईंनीच तोड काढली. जो आत येईल त्याला पहिला ग्लास घरचा, त्याचे पैसे कधीच घ्यायचे नाहीत, मग तो काही घेऊ दे न घेऊ दे. बाटली घेतली तर बाटलीचे. आणि मी भाव फळ्यावर खडूने लिहून ठेवायला लागले, म्हणजे तोंडाने सांगावा लागत नाही. फळा लिहिल्यापासून घासाघीसही कमी झाली, हा फायदा आधी लक्षात आला नव्हता. तुम्हालाही दारात भाव सांगताना जीभ अडखळत असेल तर फळा लावा.

आंबा २३ एप्रिलपासून. डिसेंबर-जानेवारीच्या अवकाळीमुळे त्या वर्षी मोहर उशिरा आला होता. घळाने (जाळी लावलेल्या काठीने) देठासकट उतरवायचा, पेंढ्यात अढी लावायची, आठ-दहा दिवसांनी रंग धरतो. पहिल्या अढीत मी रोज हात घालून बघायचे त्यामुळे वरचे फळ सगळं दबलं. पिकलेला आंबा गेटवर दोन दिवसांच्या वर थांबत नाही, म्हणून एकदम सगळी अढी लावू नका, तीन-तीन दिवसांच्या अंतराने लावा.

आता आगळाबद्दल, कारण तिथे माझ्या हातून चूक झाली. रातांबे फोडले की बिया-गर एका भांड्यात, साली वेगळ्या. गराच्या रसात मीठ घालून त्याची पुटं सालींना द्यायची आणि उन्हात वाळवायच्या, सहा-सात पुटं झाली की आमसूल काळं आणि मऊ होतं. आगळ म्हणजे तोच रस भरपूर मिठात. किती मीठ हे आईंच्या हाताला माहीत. मूठ भरतात, सोडतात, थोडं परत घेतात. दोन-तीन गिऱ्हाइकांनी खारट लागतं म्हटल्यावर मी एका पिंपात मीठ कमी घातलं, आईंना न सांगता. १८ बाटल्या त्यातल्या गेल्या. नवव्या दिवशी पुण्याहून एका ताईंचा फोन, बाटली फुगलीय, झाकण उघडलं तर फस्सकन वर आलं. आईंनी पिंपातला रस जिभेला लावला, "मीठ मारलंस." तेवढंच म्हणाल्या. मीठ हेच आगळाला टिकवतं, दुसरं त्यात काहीच नसतं. वहीत फोन नंबर होते म्हणून सगळ्यांना फोन केले, वापरू नका सांगितलं, पैसे परत पाठवले, दोघांचे फोन लागलेच नाहीत. तेव्हापासून प्रत्येक पिंपाला बॅच नंबर, आणि मीठ वजन करून. त्यासाठी आईंच्या मुठी चार वेळा काट्यावर मोजल्या आणि वहीत लिहिल्या. चारही वेळेला फरक दहा-पंधरा ग्रॅमच्या आत.

साखरेच्या सरबताला ब्रिक्स मीटर (साखरेचं प्रमाण मोजणारा) घेतला, १,४५० ला. काचेवर एक थेंब टाकायचा, झाकण लावायचं, उजेडाकडे धरून बघायचं, निळी रेघ जिथे संपते तो आकडा. सिरपला ६५ च्या खाली आला की अजून साखर. आईंनी पहिल्यांदा बोटावर घेऊन ताणून बघितलं, झालाय म्हणाल्या, मीटरवर ६७. मग त्यांनी मीटर हातात घेतला आणि अर्धा तास घरातलं जे दिसेल ते त्यात घालून बघत होत्या, मध, काकवी, पोराचं औषध सुद्धा.

लेबल छापायची घाई करू नका. मी नंबर आला त्याच दिवशी ५०० स्टिकर टाकले, त्यावर तयार केल्याचा महिना आणि बॅचसाठी जागाच सोडली नव्हती. १,१०० रुपये पाण्यात. मालाचं नाव, घटक, निव्वळ वजन किंवा मिली, सर्व करांसह किंमत, तयार केल्याची तारीख, कधीपर्यंत वापरायचं, बॅच, पूर्ण पत्ता, तक्रारीचा फोन, शाकाहारीचं हिरवं चिन्ह आणि नोंदणीचा नंबर, एवढं बघून मगच छापा. पिशव्या कागदी घेतल्या, प्लॅस्टिकच्या कॅरीबॅगला राज्यात २०१८ पासूनच बंदी आहे.

२० मेच्या आसपास वळवाचा पाऊस लागला आणि रातांबे झाडावरच भिजून गळायला लागले. शेवटच्या आठवड्यात आमसुलं चुलीच्या उबेवर माळ्यावर वाळवली, घरभर आंबट वास, पण तेवढी वाचली.

पहिल्या सीझनचा हिशेब सांगते, कारण लोक हेच चोरून विचारतात. विक्री ४९,४०० ची. मजुरी, साखर, मीठ मिळून १४,००० गेले. शेड, काटा, पिंपं, बाटल्या, लेबलं, फळा, कागदपत्रं आणि ते फसलेले पैसे धरून सुरुवातीचा खर्च २६,००० च्या आसपास. हातात राहिले नऊ हजार चारशे, त्यात आमच्या दोघींची मेहनत धरलेली नाही. अन्नप्रक्रियेच्या केंद्राच्या योजनेत तेव्हा ३५ टक्के अनुदान मिळत होतं, कमाल १० लाख, त्यांचे जिल्ह्यातले संसाधन व्यक्ती घरी येऊन गेले, फुकट मार्गदर्शन केलं, चांगले होते. पण बाकीचं बँकेचं कर्ज, आणि हप्ता बारा महिने, आमचा सीझन दोन महिने. आम्ही थांबलो. ज्यांचा माल वर्षभर आहे त्यांनी ती योजना अजून चालू आहे का ते जरूर बघा.

पुढच्या वर्षी, २०२३ ला, आंबा कमीच होता, पण शेड आणि काटा आधीचेच, त्यामुळे हातात जास्त राहिलं. आधीच्या वर्षीची चाळीसेक गिऱ्हाइकं परत आली, त्या पुण्याच्या ताई पण, आगळच न्यायला. भाव आता आईच सांगतात, पण ग्लास रिकामा झाल्यावर. त्या जूनमध्ये दापोलीच्या कृषी विद्यापीठाची कोकण अमृता जातीची सहा कलमं लावली, ती पावसाच्या आधी तयार होतात आणि कलम असल्यामुळे मादीच निघणार. नोंदणी एप्रिल २०२७ पर्यंतची मिळाली होती, नूतनीकरण तेव्हाच्या नियमाने १८० दिवस आधीपासून करता येत होतं, ती तारीख मी कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवून ठेवलीय.

आणि ज्यांचा सातबारा आमच्यासारखा सामाईक आहे त्यांनी संमतीपत्र आत्ताच टाईप करून ठेवा, शेड तात्पुरती आणि हिस्सा कायम या दोन ओळी त्यात आधीच घाला. गणपतीला चाकरमानी सगळे घरी येतात. गणपती बसतात त्या दिवशी नको, दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळेला काढा कागद.